क्रॉनिक म्हंजी काय रं?

इंजिनिअरिंगला आल्यापासून मला घरून दोनच प्रकारचे फोन येतात. पहिला "जेवलास का?" आणि दुसरा "ह्याचा अर्थ काय रं?"

दुसऱ्या प्रकारचे फोन अण्णांचे. कीटकनाशकाच्या बाटलीवरचा कागद, बँकेतून आलेलं पत्र, ड्रिपवाल्याचं कोटेशन, जे काही इंग्रजीत असेल त्याचा फोटो काढून पाठवायचा आणि लगेच फोन. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मला फर्स्ट इयरला सरांच्या लेक्चरमधलं निम्मं कळत नव्हतं, हे घरी कुणाला माहीत नाही. तासगाव तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर मी म्हणजे चालता-बोलता शब्दकोश! आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मलाही ती पदवी आवडत होती. डिग्री मिळायला चार वर्षं लागतात, ही फुकटात मिळालेली.

जानेवारी २०२४ मध्ये असाच एक फोन आला. थर्ड सेमची परीक्षा चालू होती. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिकल मशीन्सचा पेपर. रात्रीचे साडेदहा वाजलेले, निम्मा सिलॅबस बाकी आणि रूम पार्टनर घोरत पडलेला.

"आरं, दवाखान्याचा कागुद पाठवलाय. त्यात क्रानिक लिवलंय. क्रॉनिक म्हंजी काय रं?"

मी फोटो उघडलासुद्धा नाही. कारण क्रॉनिक हा शब्द मला पक्का ठाऊक होता, निदान तसं मला वाटत होतं. आमच्या होस्टेलवर एकाचं नावच 'क्रॉनिक' पडलेलं. सलग तीन सेम केटी, मेसचं बिल थकलेलं, सकाळी अकराच्या आत कधी उठला नाही. 'लय क्रॉनिक केस आहे' म्हणजे हाताबाहेर गेलेला, सुधारण्याच्या पलीकडचा माणूस. मी तोच अर्थ डोळे झाकून फोनवर सांगितला.

"अण्णा, क्रॉनिक म्हणजे लय सिरियस. जरा जपा. माझा पेपर झाला की बोलतो."

पलीकडून "बरं" एवढंच आलं. मी परत पुस्तकात डोकं घातलं.

त्या एका वाक्याने घरी काय केलं ते मला बारा दिवसांनी कळलं. शेवटचा पेपर देऊन घरी गेलो तर गोठ्यात एकच म्हैस. दुसरी विकलेली. आई चुलीपुढे बसून डोळ्याला पदर लावत होती, ते धुरामुळे नव्हे. बापू, म्हणजे माझे चुलते, ओट्यावर सातबारा पसरून बसलेले. आणि बागेतलं काम सोडून अण्णा भरदिवसा वाकळ पांघरून आडवे. द्राक्षाचे मणी फुगायच्या वेळी आमचे अण्णा दिवसा आडवे झालेले मी जन्मात पाहिले नव्हते.

"आता काय राहिलंय रं," अण्णा म्हणाले. "तूच म्हनलास न्हवं, सिरियस हाय म्हणून."

तेव्हा मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. त्यावर लिहिलेलं होतं, क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज ३ ए. क्रिएटिनिन १.७. सोबत रक्तदाबाची एक गोळी, मीठ कमी करायला सांगितलेलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. एवढंच. ना अ‍ॅडमिट व्हायला सांगितलेलं, ना डायलिसिसचं नाव. मग हे सिरियस कुठून आलं? तर ते माझ्या तोंडून आलं!

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना घेऊन त्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांपुढे बसलो आणि शरमेनं मान खाली घालून विचारलं, "सर, क्रॉनिक म्हणजे नक्की काय?"

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये तुमच्या वडिलांचं क्रिएटिनिन पहिल्यांदा वाढलेलं सापडलं. तेव्हा मी क्रॉनिक लिहिलं नव्हतं. का? कारण एका रिपोर्टवरून ते लिहिता येत नाही. तीन महिने थांबलो, परत तपासलं, आकडा तिथंच होता. म्हणून लिहिलं. क्रॉनिक म्हणजे किती वाईट ते नव्हे. क्रॉनिक म्हणजे किती दिवसांपासून."

किती वाईट नव्हे, किती दिवसांपासून. इतकं साधं होतं.

सुट्टी संपवून कॉलेजला आल्यावर मी आमच्या लायब्ररीतल्या त्या कोपऱ्यात गेलो जिथे परीक्षेच्या काळात फक्त झोपायला लोक जातात, आणि जाडजूड ऑक्सफर्ड डिक्शनरी काढली. क्रॉनिक हा शब्द मूळचा ग्रीक. 'क्रोनोस' म्हणजे काळ. वेळ. बस्स. त्यात रोग नाही, दुखणं नाही, मरण तर नाहीच नाही. मग एकदम लक्षात आलं की हा क्रोनोस तर आपल्या रोजच्या बसण्या-उठण्यातला आहे! सिंक्रोनस मोटर. 'सिन' म्हणजे बरोबर, 'क्रोनोस' म्हणजे वेळ, वेळेला धरून चालणारी ती सिंक्रोनस. पन्नास हर्ट्झ आणि चार पोल असले की पंधराशे आरपीएम, ना एक कमी ना एक जास्त. आणि आमच्या विहिरीवरची इंडक्शन मोटर ती असिंक्रोनस, म्हणजे वेळेच्या किंचित मागं राहणारी. दोन पोलची, म्हणजे हिशोबाने तीन हजार आरपीएम हवेत, पण पाटीवर लिहिलेले २८८०. व्हायव्हात ज्या शब्दावर मी घडाघडा बोललो असतो, त्याचाच सख्खा भाऊ वडिलांच्या कागदावर बसलेला आणि मी त्याला ओळखलं नाही.

डिक्शनरीत आणखी एक गंमत सापडली. इंग्लंडमध्ये बोलीभाषेत क्रॉनिक हा शब्द 'अगदी भिकार, फार वाईट' अशा अर्थानेही वापरतात. म्हणजे माझी चूक करणारे साहेबलोकही आहेत! शब्द आजाराला इतकी वर्षं चिकटून राहिला की काळ गळून पडला आणि नुसता वाईटपणा उरला. थोडं बरं वाटलं. पण साहेबाच्या चुकीने माझ्या घरची म्हैस परत येणार नव्हती.

दवाखान्यात क्रॉनिकची जोडी असते ती अक्यूटशी. हा शब्द मला आधी भेटला तो ग्राफिक्सच्या तासाला, अक्यूट अँगल म्हणजे आपला शाळेतला लघुकोन. मग लघुकोनाचा आणि आजाराचा संबंध काय? तर अक्यूटचं मूळ लॅटिन, अर्थ टोकदार, धार लावलेलं. लघुकोन टोकदार दिसतो म्हणून अक्यूट, आणि जे दुखणं सुई टोचावी तसं अचानक येतं तेही अक्यूट. मराठी पेपरात त्याला 'तीव्र' म्हणतात आणि तिथेही तोच घोटाळा होतो. साधी सर्दीसुद्धा अक्यूटच, चार दिवसांत येते आणि जाते. पण तीव्र सर्दी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे माणूस ऑक्सिजनवर येतो!

मी वहीच्या शेवटच्या पानावर एक ग्राफ काढला. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर तीव्रता. अक्यूट आणि क्रॉनिक ही भांडणं आडव्या अक्षावरची. सौम्य की गंभीर ही उभ्या अक्षावरची. एखादं दुखणं क्रॉनिक असून सौम्य असू शकतं, आणि अक्यूट असून रात्रीत माणूस घेऊन जाऊ शकतं. मी अण्णांना एक्स अक्षावरचा शब्द वाय अक्षावर नेऊन सांगितला होता. असली चूक पेपरात केली असती तर दोन मार्क गेले असते.

बरं, 'बऱ्याच दिवसांपासून' म्हणजे किती दिवसांपासून? तर प्रत्येक अवयवाचं घड्याळ वेगळं. किडनीला तीन महिने. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांच्या वर गेला की क्रॉनिक. जुलाब चार आठवड्यांच्या वर. हेपटायटिस बी ची कावीळ सहा महिने रक्तात राहिली तर. आणि क्रॉनिक ब्राँकायटिसची अट तर युनिव्हर्सिटीच्या नियमासारखी आहे, सलग दोन वर्षं, प्रत्येक वर्षी किमान तीन महिने कफाचा खोकला! माझ्यासारख्या फॉर्म्युले पाठ करणाऱ्याला हे एकदम पटलं. शब्दाला टॉलरन्स दिलेला आहे. मनाला वाटलं म्हणून क्रॉनिक म्हणायचं नाही.

दीर्घकाळ दाखवणारे इतरही इंग्रजी शब्द मग मला दिसायला लागले. प्रोलाँग्ड म्हणजे लांबलेलं, त्यात चांगलं-वाईट नाही, टाळ्यांचा कडकडाटही प्रोलाँग्ड असतो. प्रोट्रॅक्टेड म्हणजे रेटत-ओढत नेलेलं, जसं आमच्या बांधाचं कोर्टातलं भांडण. त्याचं मूळ लॅटिनमध्ये 'ओढणे', आणि कंपासपेटीतला कोनमापक जो प्रोट्रॅक्टर तो आणि शेतातला ट्रॅक्टर हे दोघे त्याच ओढण्याचे वंशज. पेरेनिअल म्हणजे वर्षभर टिकणारं, बारमाही. आणि क्रॉनिक मात्र फक्त नकोशा गोष्टीला लागतं. क्रॉनिक टंचाई असते, क्रॉनिक उशीर असतो, क्रॉनिक मैत्री कधी नसते. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? मैत्री 'जुनी' असते, आजार 'जुनाट' असतो. एक 'ट' लागला की प्रेम आटलं! म्हणून एका क्रॉनिकला मराठीत चार ठिकाणी चार शब्द वापरावे लागतात. आजार जुनाट, खोकला चिवट, टंचाई कायमची आणि दारुडा अट्टल.

एवढा अभ्यास करून मी शहाणा झालो आणि फेब्रुवारीत अण्णांना फोन केला. आता इथून पुढे ऐका, कारण पहिल्या चुकीपेक्षा दुसरी चूक मोठी आहे.

"अण्णा, घाबरायचं काही नाही. क्रॉनिक म्हणजे नुसतं जुनाट. जुनं दुखणं आहे, सिरियस नाही."

अण्णा खूश झाले. आवाजात जीव आला. "जुनं व्हय! मग तसं सांगायचं न्हाई व्हय रं आधी!"

मीही खूश. एका शब्दात वडिलांना उठवून बसवलं म्हणून मेसमध्ये दोन गुलाबजाम जास्त खाल्ले.

आमच्या गावात 'जुनं दुखणं' म्हणजे काय असतं ते मात्र मी विसरलो होतो. आजीचे गुडघे हे जुनं दुखणं. बापूंची पाठ हे जुनं दुखणं. जुनं दुखणं म्हणजे ज्याच्यावर खर्च करायचा नाही, ज्याच्याबद्दल बोलायचं नाही, जे माणसाबरोबर जाणार ते. जुनी झाली की गोष्ट घरची होते. घरच्या गोष्टीला कोण औषध देतं?

अण्णांनी रक्तदाबाची गोळी मार्चमध्ये बंद केली. एप्रिलमध्ये खरड छाटणी आली, दिवसभर उन्हात बागेत उभं राहून गुडघे धरले, तेव्हा मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. सकाळी एक, रात्री एक. आणि पाणी? कामाच्या नादात दुपारपर्यंत पाण्याचा घोट नाही. किडनीच्या माणसाने दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. हे त्या जानेवारीच्या कागदावर खाली लिहिलेलं होतं. इंग्रजीत. आणि शब्दकोशाने फक्त एका शब्दाचा अर्थ सांगितलेला!

मे २०२४ मध्ये सुट्टीला घरी गेलो. अण्णांचे पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. उशाखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं. तपासलं तर क्रिएटिनिन २.६.

ह्या वेळी मात्र अ‍ॅडमिट केलं. चार दिवस. डॉक्टरांनी ज्या शब्दात सांगितलं ते शब्द ऐकून मी गार झालो. "अक्यूट ऑन क्रॉनिक. जुन्यावर नवीन." माझ्या ग्राफमध्ये ही शक्यता मी काढलीच नव्हती. लांब आडव्या रेषेवर मध्येच एक सुई उभी. क्रॉनिक हे सिरियस नसतं हे खरं, पण ते सिरियस होऊ शकतं हेही तितकंच खरं, आणि ते होऊ द्यायचं की नाही हे बरंचसं रोजच्या वागण्यावर असतं. 'जुनाट' ह्या शब्दात मागचा काळ आहे. डॉक्टरांच्या क्रॉनिकमध्ये पुढचा काळही होता. किती दिवसांपासून आहे एवढंच नव्हे, तर अजून किती दिवस सांभाळायचं आहे. पहिल्या वेळी मी अण्णांना वाय अक्षावर चढवलं, दुसऱ्या वेळी एक्स अक्षाचा पुढचा अर्धा भाग खोडून टाकला.

दवाखान्यातून घरी आल्यावर आई मला म्हणाली, "तू आता कायबी अर्थ सांगू नगंस बाबा." ती रागावून बोलली नव्हती, म्हणून जास्त लागलं.

पण न सांगून कसं चालणार होतं? अण्णा पुन्हा वाकळ घेऊन आडवे व्हायच्या वाटेवर होते. एकदा सिरियस, एकदा साधं, परत सिरियस. माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? दोन दिवस मी मनात शब्द जुळवत राहिलो. दीर्घकालीन? तो शब्द आमच्याकडे फक्त कर्जाला लागतो. चिवट? ते शिवीसारखं वाटतं. शेवटी संध्याकाळी अण्णांना हळूहळू चालवत विहिरीवर नेलं आणि स्टार्टरची पेटी उघडली.

"अण्णा, २०२१ ला मोटर का जळली होती?"

"व्होल्टेज न्हवतं. कमी व्होल्टेजवर चालवली."

"एका दिवसात जळली?"

"एका दिसात कशी जळंल? महिनाभर गरम हुत हुती. ह्यो रिले सारखा ट्रिप हुयाचा. बागंला पानी तर पायजे. म्हणून मीच त्याचं बटण पुढं सरकवलं."

इलेक्ट्रिकलवाल्यांना हे सांगायला नको, पण इतर ब्रँचच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. मोटरला दोन प्रकारची संकटं असतात. एक शॉर्टसर्किट. करंट एकदम कितीतरी पटीने वाढतो आणि फ्यूज क्षणात उडतो. दुसरं ओव्हरलोड. करंट थोडाच जास्त असतो, पण तासन् तास. फ्यूज त्याला भीक घालत नाही. त्यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो, त्यात दोन धातूंची जोडपट्टी. ती तापत जाते, वाकत जाते आणि बऱ्याच वेळाने मोटर बंद करते. घरातल्या एमसीबीमध्ये तर दोन्ही एकाच डबीत असतात, शॉर्टसाठी चुंबकी कॉइल आणि ओव्हरलोडसाठी पट्टी. म्हणजे अक्यूटला वेगळा पहारेकरी आणि क्रॉनिकला वेगळा! आणि ओव्हरलोडने मोटर आज जळत नाही. वाइंडिंगवरचं इन्सुलेशन रोज थोडं थोडं मरतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं.

हे सगळं मी अण्णांना सूत्रांशिवाय सांगितलं. म्हटलं, "तुमच्या किडनीला शॉर्टसर्किट झालेलं नाही. ओव्हरलोड झालेला आहे, बऱ्याच वर्षांपासून. रक्तदाब म्हणजे तो जादा लोड. मोटर चालू आहे, पाणी देते आहे, अजून बरीच वर्षं देईल. पण लोड रोज कमी ठेवला तर. ती बीपीची गोळी लोड कमी ठेवते. आणि गुडघ्याची गोळी खाऊन तुम्ही काय केलंत? दुखतंय म्हणून रिलेचं बटण पुढं सरकवलंत."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. पेटीत हात घालून त्यांनी रिलेची ती छोटी चकती चाचपली. आपण ती कधी पुढे सरकवली ते त्यांना आठवत असणार. नवीन वाइंडिंगचे पैसे, आठ दिवस पाण्याविना वाळलेली बाग, सगळंच.

मग म्हणाले, "म्हंजी रिवाइंडिंग न्हाई करायचं."

"नाही."

"पर लक्ष सोडायचं न्हाई."

"नाही."

"किती दिस?"

"कायम, अण्णा."

"मग असं सांग की, क्रानिक म्हंजी कायम लक्ष ठिवायचं." आणि पेटीचं झाकण लावलं.

माझ्या लायब्ररीतल्या डिक्शनरीत हा अर्थ नव्हता. पण इतक्या महिन्यांत मी वाचलेल्या सगळ्या अर्थांत हाच मला बरोबर वाटतो.

सप्टेंबर २०२४ च्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.८ आलं. पुन्हा १.७ झालं नाही. तो शून्य पूर्णांक एक माझ्या खात्यावर आहे असं मी धरतो. डॉक्टर म्हणाले, एवढ्या फरकाला काही अर्थ नसतो, लॅबमध्येसुद्धा इकडं-तिकडं होतं. असेल. पण मला तो आकडा दिसला की मेसमधले ते दोन गुलाबजाम आठवतात.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. घरून अजूनही फोटो येतात. मी मात्र बदललो आहे. आधी पूर्ण कागद वाचतो, खालच्या बारीक ओळींसकट. माहीत नसलं तर सरळ "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणतो. पहिल्यांदा असं म्हणालो तेव्हा पदवी गेल्यासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही. आणि अर्थ सांगून झाल्यावर एक प्रश्न उलट विचारतो, "अण्णा, तुम्हाला काय कळलं ते सांगा." कारण शब्दाचा अर्थ मी काय सांगितला ह्याने काही होत नाही, पलीकडच्याने तो काय ऐकला ह्याने म्हैस विकली जाते.

गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. द्राक्षवाल्याच्या घरी फवारणीची वही असतेच. कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती पाण्यात, सगळं त्यात. अण्णांची वही खुंटीला अडकवलेली असते. सहज चाळली. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या डाव्या बाजूला पेन्सिलीने एक नवीन रकाना आखलेला. तारीख, सकाळचा बीपी, गोळी घेतली की बरोबरची खूण. बागेच्या डाऊनीच्या औषधाशेजारी स्वतःचं औषध. एकही दिवस कोरा नव्हता.

इंग्रजीत बखरीला क्रॉनिकल म्हणतात. तोही शब्द त्याच क्रोनोसपासून आलेला आहे. काळाची तारीखवार नोंद. मी अण्णांना हे सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. म्हटलं, राहू दे. सांगायला जायचो एक आणि व्हायचं भलतंच! वही पुन्हा खुंटीला अडकवली आणि त्यांच्याबरोबर मोटर चालू करायला विहिरीवर गेलो.

— अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी